रोज साडेचारला सत्तावन्न

१ सप्टेंबर १९९७, सोमवार
आजपासून डायरी. पुढेमागे कंपनीचा इतिहास लिहिला गेला तर पुरावा हवा. पद: कॉम्प्युटर ऑपरेटर, कंटेनर वाहतूक, कळंबोली. सध्या टेम्पररी. पर्मनंट करायचं की नाही ते मालक दीनानाथराव १ नोव्हेंबरला ठरवणार. आईने खांदा कॉलनीत पेढे आधीच वाटलेत, त्यामुळे प्रश्नच उरत नाही.

४ सप्टेंबर
शोध लागला! मशीन प्रत्येक चालू प्रोग्रॅमला एक नंबर देतं, ओळीने. सकाळी शिपाई काशीराम मशीन चालू करतो, मी पहिल्यांदा गेटपासचा प्रोग्रॅम लावतो. त्याला रोज ५७. चारही दिवस ५७!

८ सप्टेंबर
संध्याकाळी गेटपासचा प्रोग्रॅम मारावा, म्हणजे बंद करावा लागतो, नाहीतर प्रिंटर अडकतो. तेवढ्यासाठी थांबायचं? मशीनलाच हुकूम लिहून ठेवला: रोज साडेचारला ५७ ला मार. मी सव्वाचारला मोकळा. ह्याला ऑटोमेशन म्हणतात.

९ सप्टेंबर
रेवा (ट्रेनी, अजून मस्टरवर नावसुद्धा नाही) म्हणाली, मारण्याआधी ५७ कोण आहे ते मशीनला विचारून घ्यावं. मी म्हणालो, घरच्या माणसांना रोज नाव विचारतेस का? हसत कामाला लागली.

२२ सप्टेंबर
रेवाने कुठल्याशा मासिकात वाचलं: काही नव्या सिस्टिम्स नंबर मुद्दाम कसेही देतात, कुणाला अंदाज येऊ नये म्हणून. काहीतरीच. लॉटरी आहे का? आमचं मस्टर बघा. कुणी सोडून गेलं की रिकामा झालेला नंबर पुढच्या माणसाला. पाटणकर गेले, त्यांचा ९ मला. शिस्त म्हणजे शिस्त.

३० सप्टेंबर
काशीरामला आधी गेटपासचा नंबर सांगितला, मग स्क्रीनवर दाखवला. त्याने हात जोडले. म्हणाला, माज्या पोरीचा बारावीचा निकाल पन सांगून टाका, सायेब. बघतो म्हणालो.

११ ऑक्टोबर, दसरा. दु. ४.१०
उद्या न्हावा शेव्याहून जहाज सुटणार, म्हणून ऑफिस चालू. सकाळी मशीनची पूजा. झेंडूचा हार, हळदकुंकू, कीबोर्डवर अक्षता (दोन आत गेल्या). मुहूर्तावर पहिलं काम जहाजाच्या यादीचंच, असा मालकांचा हट्ट. म्हणून आधी रेवाने यादी लावली, नंतर मी गेटपास. यादीत तीनशे बारा कंटेनर. ती अजून भरतेय. तो प्रोग्रॅम मीच लिहिलाय: सगळं भरून झालं की शेवटी एकदाच सेव्ह. सुटसुटीत. गेटपासचा नंबर आज बघितला नाही. बघायचं काय त्यात? निघतो. आईला आपट्याची पानं न्यायचीत.

१३ ऑक्टोबर
५७ नंबर यादीला गेला होता. साडेचारला यादी मेली, तीनशे चारव्या कंटेनरवर. गेटपास ५८ वर ठणठणीत. प्रिंटरही अडकला. रेवाने यादी पहिल्यापासून पुन्हा भरली, तोवर जहाज गेलं. आमचे ट्रेलर रस्त्याकडेला अजून उभे आहेत. रेवा मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.
दोष मुहूर्ताचा.

१५ ऑक्टोबर
दीनानाथरावांनी बोलावलं. मी शास्त्रीय बाजू मांडली: नव्या सिस्टिम्समध्ये नंबरांचा काही भरवसा नसतो, रेवाने स्वतः वाचलंय. त्यांनी विचारलं, आपली सिस्टिम नवी आहे का? नाही म्हणालो. एकूण चर्चा चांगली झाली.

१ नोव्हेंबर
पर्मनंट करण्याचा निर्णय झाला. रेवाला.
मला आजपासून यायचं नाही. आई म्हणते, वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी बाहेरच बसून राहिलो.
संध्याकाळी काशीराम ऑफिसात राहिलेला माझा डबा घेऊन आला. म्हणाला, रेवाताईंना मस्टरवर घेतलं, नंबर पन दिला. कोणता ते सांगणार होता. मी म्हणालो, थांब. नऊ.
त्याने हात जोडले.