फुप्फुसे आधी, अग्नी नंतर

ता. १४ जून २०२५, सकाळी सहा वाजता, नेब्युलायझरची वाफ घेऊन झाल्यावर, मी मुरलीकृष्ण वेंकटराव, वय सत्तावीस, शिक्षण नववी, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर, हे लिहायला बसलो आहे. दम कमी आहे, डोके ठिकाणावर आहे. लिहिण्यासाठी कोणी दडपण आणलेले नाही. न लिहिण्यासाठी काकांनी आणले.

१. इडलीच्या पिठाचे ग्राइंडर दुरुस्त करण्याची माझी सर्व हत्यारे भागीदार मणीला. दगडाला टाकी लावताना भुकटी छातीत जाऊ नये म्हणून त्याने दगड ओला करावा, तोंडाला फडके बांधावे. "गिऱ्हाईक चोर समजून पळेल रे," असे म्हणून तो हसतो. हस, पण बांध.

२. घरातील माझी मागची खोली धाकटी बहीण कीर्तना हिला. तिथे शुक्रवारी सांब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर करू नये. माझा खोकला जावा म्हणून अम्मा दारे लावून मला त्या धुरात बसवायची. तिला माहीत नव्हते, मलाही नव्हते. त्यावरून तिला कोणी बोलू नये.

३. सेतुमाधवकाकांना काही नाही. "पोर चोरून बिडी ओढतं," असे त्यांनी गल्लीभर सांगितले. मी कधी ओढली नाही. फुप्फुसे राखणारे एक प्रथिन माझ्या रक्तात जन्मापासून कमी आहे. कीर्तनाच्या रक्तातही तेच निघाले. तिचा दम अजून चांगला आहे. "तिचं लग्न होईपर्यंत बोलू नका," असे काका म्हणतात. माझे बँकेतील पैसे लग्नाला नव्हेत, तिच्या तपासण्यांना. काकांना तमिळच वाचता येते, देवनागरी येत नाही, म्हणून हे कलम शेजारचे वरुणराव मास्तर यांनी मोठ्याने वाचावे.

४. सोमवारी मी चेन्नईला ग्रोथ फॅक्टरच्या औषधाच्या चाचणीत दाखल होत आहे. विरलेले फुप्फुस त्याने पुन्हा वाढते का, ते पाहायचे आहे. उंदरांत वाढले, माणसांत वाढेल का ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. मी गेलो तर फुप्फुसे काढून त्यांना तपासायला द्यावीत, मग अग्नी द्यावा. काल अम्मा म्हणाली, "अर्ध्या अंगानं कसं पाठवू रे तुला?" अम्मा, तुझ्या सहीशिवाय ते हात लावणार नाहीत. सही कर.

५. आत काय निघाले ते डॉक्टरांनी कीर्तनाला समोर बसवून सांगावे. औषध घ्यायचे की नाही, ते ती ठरवील. नवे काही वाढले नसेल तर तेही सांगावे. धीर देण्यासाठी खोटे बोलू नये. मला इथले डॉक्टर पाच वर्षे नुसता दमा आहे असे सांगत आले.

सही: मुरलीकृष्ण वेंकटराव
साक्षीदार: वरुणराव (मास्तर), विश्वेश (औषधाचे दुकान)
तंजावूर, १४ जून २०२५