गच्चीवरची पवनचक्की

२४ ऑगस्ट २०२५, रविवार
जुन्या बाजारातून ट्रेडमिलची मोटर आणली. आजपासून घरगुती पवनचक्की. पंधरा दिवसांत गच्चीवरचा दिवा वाऱ्यावर लागेल. मंदाकिनीला सांगितलं. अठ्ठावीस वर्षं लोणीच्या कॉलेजात हेडक्लार्क होतात, वायरमन कधी झालात, असं म्हणाली. हिची थट्टा करायची पद्धत छान आहे.

२६ ऑगस्ट
सेफ्टी रजिस्टर सुरू केलं. दोनशे पानी, लाल समास. नियम १: सुरक्षिततेत तडजोड नाही. पहिल्याच पानावर सही, तारीख आणि शिक्का मारला. एवढी तयारी कोणी करत नाही.
तळमजल्यावरचा रामदास भोसरीच्या कंपनीत फिटर होता. त्याने न विचारता चार गोष्टी सांगितल्या: खांबाला चारही बाजूंनी तारेचे ताण, पाती समान वजनाची, ब्रेकचा स्विच आधी आणि चक्की नंतर, नट सैल होऊ नये म्हणून लॉक-वॉशर. सगळं ऐकून घेतलं. माणसाला बोलू द्यावं, त्याला बरं वाटतं.

३१ ऑगस्ट
सोसायटीच्या ग्रुपवर परवानगी मागितली. एकवीस जणांनी मेसेज वाचला, एकानेही नाही म्हटलं नाही. ठराव एकमताने मंजूर, असं रजिस्टरमध्ये लिहिलं.

७ सप्टेंबर, सकाळ
पीव्हीसी पाइप कापून तीन पाती केली. एक किंचित जाड झालं. रामदास म्हणाला, काट्यावर तोलून बघा. डोळ्यांना दिसतंय तिथे काटा कशाला.

१४ सप्टेंबर
गच्चीला भोकं पाडायची नाहीत, गळती होईल. म्हणून खांबाच्या पायाशी चार ड्रम, आत माती. वजनावर उभा राहील. विटा-वाळू आणायची तर पाच मजले चढवा. इथे तर माती आधीच वर आहे. मंदाकिनीच्या एकतीस कुंड्या. अठरा वर्षांपासून नुसत्या पडून आहेत, म्हणजे त्यांत झाडं आहेत, पण तेवढंच.
तिला समजावून सांगितलं. ती कठड्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, मोगऱ्याला हात लावू नका, तो आईच्या अंगणातला आहे. मान्य केलं. मी काही राक्षस नाही.

१६ सप्टेंबर
चौथ्या ड्रमला माती थोडी कमी पडली. मोगऱ्याची कुंडी मोठी होती.
मंदाकिनीने एक शब्द काढला नाही. पाठिंबा असा असावा.

१७ सप्टेंबर
काल रात्री ती हॉलमध्ये झोपली. हॉलमध्ये वारा चांगला येतो. तिलाही आता वाऱ्याचं महत्त्व पटू लागलं आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
खांब उभा! जरा झुलतो. रामदासला म्हटलं, ताड पण झुलतो. तो म्हणाला, ताडाला मुळं असतात गोपाळराव. त्याने स्वतःच दोन बाजूंना तारा ताणून दिल्या. बाकीच्या दोन बाजूंना मी नायलॉनची दोरी बांधली, तीही तशीच दिसते.
ब्रेकचा स्विच बसवायचा राहिला. वायर पांढरी हवी, मिळाली ती काळी. दिसायला नीट नको का?
उद्घाटन दसऱ्याला, सकाळी अकरा. ग्रुपवर निमंत्रण टाकलं. तीन अंगठे आले.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज हत्यारांची पूजा. मी विज्ञानाचा माणूस, पण घरची पद्धत ती पद्धत. तिन्ही पाती खोलून खाली आणली, प्रत्येकाला वेगळं हळदकुंकू लावलं. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, सगळं देवासमोर मांडलं. सुंदर दिसत होतं. फोटो काढला.
संध्याकाळी पाती परत चढवली. नट हातानेच पिळले, कारण पाने पूजेत. दसऱ्याचा दिवस सरल्याशिवाय उचलायचे नाहीत.
रामदास आला, नटला हात लावून पाहिला, चेहराच उतरला त्याचा. म्हणाला, चाळीस वर्षं माझं पोट हत्यारांवर होतं, मी सांगतो, उचला पाना, देव रागावणार नाही. मी म्हटलं, आमच्या घरी चार पिढ्यांत दसऱ्याला कोणी हत्याराला हात लावलेला नाही. (आजोबा तलाठी होते, वडील पोस्टात. हे त्याला सांगायचं कारण नव्हतं.) मग म्हणाला, परवा ठेवा उद्घाटन. मी म्हटलं, निमंत्रणं गेल्यावर?
माझी पकड मजबूत आहे.

२ ऑक्टोबर, दसरा, दुपारी ४
सविस्तर नोंद.
उपस्थिती चौदा. मी रांगोळीने सुरक्षा-रेषा काढली, आत कोणी यायचं नाही (नियम ५). ११.१० ला वारा आला, चक्की फिरली, दिवा लागला! अकरा सेकंद. रामदास आठ म्हणतो. टाळ्या झाल्या. एक फोटो मंदाकिनीसोबत हवा होता. ती दारात उभी होती, येत नव्हती. मी हात धरून रेषेच्या आत आणली. तेवढ्यात वारा वाढला.
जाड पातं सुटलं. मंदाकिनीचा डावा हात मनगटाच्या वर मोडला. तिने हाताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.
ब्रेक नव्हता. रामदासने मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून, म्हणजे ब्रेकचं काम हाताने करून, चक्की थांबवली आणि तिला रिक्षातून हॉस्पिटलमध्ये नेलं. मी थांबलो. यंत्राजवळ जबाबदार माणूस हवा.
रजिस्टर: 'सदर व्यक्ती अपघातसमयी सुरक्षा-रेषेच्या आत आढळली.'

४ ऑक्टोबर
ऑपरेशन झालं. प्लेट घातली. मला भेटायला जायचंच होतं, पण अहवाल अर्धवट होता. आमोद तिला हॉस्पिटलमधून परस्पर बाणेरला स्वतःच्या घरी घेऊन गेला. मुलगा आईचं करतो, समाधान वाटलं. तिकडे लिफ्ट पण आहे.

९ ऑक्टोबर
पिठलं केलं. कढईला लागलं. मीठ कुठे ठेवते कोण जाणे.
फोन केला. सूनबाईने घेतला. आई झोपल्यात म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते. विश्रांतीची गरज असणारच.

१२ ऑक्टोबर
रामदासने कुणालाही न विचारता खांब उतरवला. माती परत कुंड्यांत भरत होता. मी विचारलं, हे कोणी सांगितलं? वहिनींनी, म्हणाला. फोनवर. म्हणजे ती त्याच्याशी बोलते. हाताला फोन धरायला त्रास होत नसावा, बरं झालं.

१५ ऑक्टोबर
आमोदचा फोन. आई विचारतेय, बाबा दिवसातून कधी बाहेर असतात? तिला तिच्या वस्तू घ्यायच्या आहेत.
मी म्हटलं, सांग तिला, काळजी करू नकोस. मी कुठेही जात नाही. चोवीस तास घरी आहे. तिला दार बंद सापडणार नाही.
तो बरं म्हणाला.
फिरायला जाणं बंद केलं. भाजीवाल्याला वर बोलावतो.

२२ ऑक्टोबर, पाडवा, सकाळी ७
अभ्यंगस्नान. नवा सदरा. आज ती येणार. एकेचाळीस वर्षांत पाडव्याचं ओवाळणं चुकलेलं नाही. पाट मांडला, निरांजन मलाच लावता आलं. साडी आणून ठेवली आहे, जांभळी. दार उघडंच ठेवलं.

सकाळी ११.३०
दूध नासलं. ती आल्यावर चहा तर हवा. दहा मिनिटांत येतो.

दुपारी १२.१५
पाडव्याची गर्दी, दुधाला अर्धा तास लागला. तिचं कपाट रिकामं आहे. शिवणाचं मशीन नाही, औषधांचा डबा नाही, तिच्या आईचा फोटो नाही. साडी आहे तिथेच आहे. तिच्याकडची घराची किल्ली पाटावर.
खाली जाऊन वॉचमन सोनबाला विचारलं. तो आधी सांगेना. मग म्हणाला, म्याडम सकाळी सातपासून समोर रिक्षात बसल्या होत्या साहेब, हात गळ्यात बांधलेला. आमोददादा वर जाऊ का म्हणत होते, तर नको म्हणाल्या. मला सांगून ठेवलं होतं, साहेब बाहेर पडले की हात कर.
त्याने हात केला.
सोनबाने तिला दोनदा चहा विचारला, खुर्ची देऊ का विचारलं. नाही म्हणाली.
सातपासून साडेअकरापर्यंत. साडेचार तास, मोडलेला हात घेऊन, रिक्षात. आणि मी वर दार उघडं ठेवून बसलो होतो.