अण्णांचा कठडा

नाशिक रोड, मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

अण्णा ज्या जहाजावर नोकरीला होते, त्याच्या मॉडेलचा पितळी कठडा आज पकडीनं वाकवला. कोपरा वाकडा आला, वर पकडीचे दात उमटले. माझीच घाई. कागदासारखा पातळ पत्रा, भाच्यानं परदेशातून पाठवलेला. दुसरा कुठून आणू?

शेजारच्या सोनारकाकांना दाखवला. म्हणाले, "दातांची पकड कशाला लावलीस? दोन ब्लेडं घे. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं उचलायचं. आणि आता हा सरळ करत बसू नकोस, तुटेल."

ब्लेडं आणली. पण ते दात काही डोळ्यांसमोरून जाईनात. हलकेच सरळ करून पुन्हा वाकवला तर?

केला. तुटला.

तेवढ्यात आतून अण्णांनी विचारलंच, "लागला का रे माझा कठडा?"

"लागतोय," म्हटलं. दोन्ही तुकडे मुठीतच होते.