पहिल्या वर्षाचं फाटक

सर, तुमचा नियम आज मी काढून टाकला. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं वाटलं, आणि लिहायला बसल्यावर आठवलं की तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुम्हाला काही कळण्याचा प्रश्नच उरलेला नाही. तरी लिहिते. तुमच्यासमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, कागदावर तरी चिकटणार नाही. नियम कोणता ते तुम्हाला सांगायला नको, पण पुन्हा एकदा नीट मांडते, कारण इतक्या वर्षांत तो कुणी धड वाचलाच नव्हता, सगळे नुसते त्याला नमस्कार करत होते. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाचा तुमचा गणिताचा पेपर, संच, आलेख, सिद्धता वगैरे, तो पास झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये पाऊल ठेवायचं नाही. संधी तीन. तिसऱ्यांदा नापास झालात की पटावरून नाव कमी. मुलं त्याला फाटक म्हणतात. 'तेरा फाटक पार हुआ?' असं एकमेकांना विचारतात, आणि ज्याचं झालेलं नसतं तो विषय बदलतो. आज दुपारी पदवीच्या अटी नव्याने ठरवायची बैठक होती आणि ती तुमच्याच फोटोखाली झाली. फोटोत तुम्ही रागावलेले दिसता, पण तो तुमचा नेहमीचाच चेहरा आहे.

भांडायला बसले आहे म्हणून तुमचं चांगलं विसरले, असं मात्र होऊ नये. पहिल्या दिवशी हजेरी घेताना तुम्ही माझ्या आडनावाशी थांबलात, चष्म्यावरून पाहिलंत आणि मराठीत विचारलंत, 'नागपूरकडची का?' आम्ही विदर्भातले बौद्ध. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात हेडक्लार्क, घर दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमधलं. आडनावावरून लोक काय काय ओळखतात हे मला तोवर चांगलं ठाऊक झालं होतं, म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट बघत मी उभी राहिले. तो प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. 'रविवारी घरी ये. काकूंना मराठी बोलायला कुणी नसतं,' एवढंच म्हणालात. मग हिंदूराव हॉस्पिटलच्या चढाखालचं तुमचं घर माझंही झालं. काकू पोळ्या करायच्या, मी ओट्याला टेकून उभी, आणि चहा तुम्ही स्वतः करायचात. तो तुम्हाला शेवटपर्यंत जमला नाही. तुमच्या घरात माझा कप वेगळा नव्हता. हे मी आईला सांगितलं आणि पुढच्या रविवारी तिने काकूंसाठी तिळाची चटणी बांधून दिली.

दुसऱ्या वर्षी तुम्ही मला लॅबची किल्ली दिलीत. सकाळी वर्ग भरण्याआधी मशिनं मोकळी असतात, बसत जा, म्हणालात. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. माझी एक मैत्रीण होती, शाहदऱ्याकडची, हिंदी माध्यमातून आलेली. ती फाटकाशी अडली होती. तिच्यासाठी लॅब बंद, आणि माझ्या दप्तरात किल्ली. थंडीचे दिवस आहेत, बाहेर धुकं इतकं की समोरची कडुनिंबाची झाडं दिसत नाहीत. आम्ही दोघी एका मशिनपुढे दाटीवाटीने बसलो आहोत, तिची बोटं कळफलकावर, मी नुसती बघते आहे, आणि दार उघडतं. तुम्ही आधी तिला म्हणालात, 'आप बाहर जाइए।' ती वही उचलून गेली. मग मला म्हणालात, 'ही जागा कमावलेल्यांची आहे. तुला किल्ली दिली ती धर्मशाळा उघडायला नाही.' किल्ली कोटाच्या खिशात टाकलीत. आठवड्याने ती माझ्या बाकावर ठेवलीत आणि मी ती उचलली. मैत्रीण त्या इमारतीकडे पुन्हा फिरकली नाही.

हे ऐकल्यावर लोकांना वाटतं, आता मी सांगणार की पुढे तिने मोठी कंपनी काढली आणि तुमचे दात घशात घातले. तसं काही झालं नाही. तिने साधी बीए केली, लग्न झालं, आता लक्ष्मीनगरला लहान मुलांच्या शिकवण्या घेते आणि तिचं बरं चाललं आहे. ती विलक्षण हुशार नव्हती. माझ्याएवढीच होती. पण मशिनपुढे बसायला मिळण्यासाठी माणसाने विलक्षण का असावं लागतं, सर? माझा राग इथेच आहे, आणि तो इतक्या वर्षांत निवला नाही. 'कमावलेल्यांची जागा' हे शब्द दुसऱ्या कुणी उच्चारले असते तर मी गिळले असते. आमच्या घरात असले शब्द गिळायची सवय होती. तुम्ही म्हणालात ते लागलं, कारण जागा खरी कशामुळे कमी पडत होती ते मी तुमच्याच अंगणात ऐकलेलं होतं.

तो आदल्याच हिवाळ्यातला रविवार. मागच्या अंगणात ऊन आलं आहे, चटईवर मटारचा ढीग आहे, काकू आणि मी सोलतो आहोत. तुम्ही मांडीवर पॅड घेऊन नियमाचा मसुदा लिहिताय आणि मधूनच कोवळे दाणे तोंडात टाकताय. काकू विचारतात, इतकं काय डोकं खाजवताय? तुम्ही म्हणता, 'मशिनं अकरा, मुलं साठ. एका मशिनवर सहाजण बसले की एक शिकतो आणि पाच तमाशा बघतात. निम्मे तरी पहिल्याच वर्षी अडवायला हवेत, और क्या.' 'आणि अडलेल्यांनी काय करायचं?' काकू विचारतात. 'अगं, दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे. मशिनं आली की नियम काढून टाकायचा. बिल्कुल.' काकू म्हणाल्या, 'मग तेही लिहून ठेवा.' तुम्ही हसलात. लिहिलं मात्र नाहीत.

मशिनं आली, सर. आधी वीस आली, मग नवी इमारत झाली, मग इतकी आली की जुनी ठेवायला जागा पुरेना. नियम जागच्या जागी राहिला. मी तोवर त्याच विभागात शिकवायला लागले होते आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता तुम्ही काढाल. पण तुम्हाला तो आवडायला लागला होता. कोण किती कडक यावरून विभागाचं नाव होतं हे तुमच्या लक्षात आलं होतं. तुमच्या निरोप समारंभात तुम्ही म्हणालात, 'हमारे यहाँ से जो निकलता है, छनकर निकलता है।' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तसं झालं. अडचण सरली आणि तिच्यासाठी केलेला नियम तत्त्व होऊन बसला. मग बाहेरगावचे लोक तुमचं उदाहरण देऊ लागले, आणि अकरा मशिनांची गोष्ट आठवणारी माणसं तीनच उरली, तुम्ही, काकू आणि मी. त्यात तुम्ही ती विसरला होतात, की विसरल्यासारखं करत होतात, ते मला आजही सांगता येत नाही. आणि गाळल्यावर मागे कोण राहत होतं ते तरी बघायचंत. बहुतेकांचं घोडं गणितापाशी अडत नसे, प्रश्नपत्रिकेतल्या इंग्रजीपाशी अडे. ती दिल्लीच्या पार कडेच्या नरेला, बवानाहून दोन बस बदलून येणारी मुलं. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलेलं. त्यांच्यात आमच्यासारख्यांची मुलं किती होती, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, तुम्ही कधी विचारलं नाहीत.

यंदा त्यांच्यातली एक माझ्या खोलीबाहेर येऊन बसायला लागली. नरेल्याची, वडिलांचं झेरॉक्सचं दुकान, तिसऱ्या संधीतही थोडक्यात नापास झालेली. मी विभागप्रमुख आहे म्हणून तिला वाटलं मी काही करू शकेन. ती रडली नाही. शेवटची बस गेली का असं विचारावं तितक्याच साधेपणाने तिने विचारलं, 'मैम, मेरा नाम कट जाएगा क्या?' मी म्हटलं, 'अभी मत सोचो।' आणि मग मला स्वतःचीच चीड आली, कारण विचार तिने नाही करायचा तर कुणी करायचा? तिच्या जागी मी असते तर मला असलं उत्तर चाललं असतं का? त्याच दिवशी मी हा विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतला.

आजच्या बैठकीत बाकी सगळं भराभर झालं. ऐच्छिक विषय किती, प्रोजेक्ट एक सत्राचा की दोन, कृत्रिम बुद्धिमत्तेचे पेपर कोणत्या वर्षी, कुणाला फारशी हरकत नव्हती. मग फाटकाचा विषय आला आणि खुर्च्या करकरल्या. मी मांडलं की पेपर सक्तीचाच राहील, तो पास झाल्याशिवाय पदवी मिळणार नाही. पण तो कधीही द्यावा, कितीही वेळा द्यावा, आणि त्यासाठी लॅब कुणाची अडवू नये. आत्ता शिकत असलेल्यांनाही हे लागू. लक्षात घ्या, तुमचं गणित मी काढलेलं नाही. ते मला अजूनही आवडतं आणि पहिल्या वर्षाला ते मीच शिकवते. तुमचा एक लाडका विद्यार्थी, माझा सहकारी, लगेच म्हणाला, 'मैडम, अब तो कोड मशीन लिख देती है। बचेगा तो मैथ्स ही। और आप वही ढीला कर रही हैं।' मी म्हटलं, 'तो पढ़ाइए ना। छाँटते क्यों हैं?' तो म्हणाला, असं केलं तर कुणीही पास होईल. मी म्हटलं, पेपर तुम्हीच तपासणार आहात, मग भीती कसली? लॅब सांभाळणारी तरुण शिक्षिका इतका वेळ मूग गिळून बसली होती. ती हळूच म्हणाली, 'लैब में आधी सीटें ख़ाली रहती हैं, मैम।' उत्तर नसलं की लोक पूर्वजांना बोलावतात, तसं त्या सहकाऱ्याने तुमच्या फोटोकडे हात केला आणि म्हणाला, 'सर होते तो क्या कहते, कभी सोचा है आपने?'

सगळे वर बघायला लागले. मला त्या क्षणी फक्त खरं सांगायचं होतं. सरांनीच हा नियम काढायचं कबूल केलं होतं, माझ्यासमोर, मटार खाताना. एवढं म्हटलं असतं की वाद संपला असता, सहकाऱ्यानेही हात वर केला असता, आणि इतिवृत्तात ओळ आली असती की सरांच्या इच्छेनुसार हा बदल करण्यात येत आहे. ती ओळ मला डोळ्यांसमोर दिसली आणि माझं डोकं फिरलं. म्हणजे अडवलंत तुम्ही, विसरलात तुम्ही, टाळ्या तुम्हाला, आणि सोडवण्याचं पुण्यही तुम्हालाच? माझ्या मैत्रिणीला बाहेर काढलंत तेव्हा तुमची ती इच्छा कुठे होती? मी म्हटलं, 'सर होते तो मना करते। फिर भी मैं हटा रही हूँ।' तरुण शिक्षिकेने हात वर केला, तिच्यामागे बाकीच्यांनी. सहकाऱ्याने आपला विरोध नोंदवून घेतला. मला ते आवडलं. तो विरोध मी आवडीने लिहून घेतला. बाहेर आले तर ती मुलगी होतीच. नाव कटणार नाही, पेपर मात्र द्यावाच लागेल, असं सांगितलं. ती 'अच्छा मैम' म्हणाली, बॅग खांद्याला लावली आणि बस पकडायला पळाली. आभार मानले नाहीत, आणि का मानावेत?

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या आता नोएडाला मुलाकडे असतात, डोळे गेले आहेत, कान शाबूत आहेत. विभागातली बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचते देव जाणे. 'काढलास का गं तो नियम?' हो म्हटलं. 'बरं केलंस. ह्यांच्याच्याने झालं नाही. शेवटी आजारपणात एकदा म्हणाले होते, तेवढं राहिलं.' मी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे तुम्ही मला का नाही सांगितलंत, सर? मी दर आठवड्याला येऊन बसत होते. काकू म्हणाल्या, 'त्यांनीच काढायचं म्हटलं होतं, हे सांगितलंस ना सगळ्यांना? तेवढंच नाव राहील त्यांचं.'

मी हो म्हटलं. तुम्हाला तर हे पत्र पोचतच नाही, आणि आता या खोट्यापायी त्यांनाही वाचून दाखवता येत नाही.