इंदिराबाई चालतात

६ ऑक्टोबर

चौतीस घरं झाली. पायांचे तुकडे पडलेत.

दसरा बघायला म्हणून चार दिवसांसाठी म्हैसूरला आले होते. हत्तीसुद्धा परत गेले, मी इथंच. कालपासून खांबांवरचे दिवे उतरवतायत, ते बघत तासभर उभी होते. अदितीताई म्हणाली, बोगादीत माझ्या फ्लॅटवर नुसती लोळत पडू नकोस, नागरत्ना सिस्टरना लिहायला माणूस हवंय. गेले. नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

काम असं — नाल्याकाठच्या गल्लीत घरोघर जायचं. गेल्या वर्षी तिथं पाणी शिरलं होतं. परत शिरलं तर कोण आपल्या पायांनी बाहेर येईल, कुणाला हात द्यावा लागेल, कुणाला उचलावं लागेल. तीन रकाने. सिस्टर बीपी बघतात, साखर बघतात, बोलतात. मी खूण करते. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, तरी एवढं जमतं.

सिस्टर हिंदीत कन्नड घालून बोलतात. आज दोन गोष्टी बजावल्या. माणूस बोलता बोलता गप्प झालं की आपण तोंड घालायचं नाही. आणि "काही होणार नाही" असं कुणालाही म्हणायचं नाही. "तुला काय ठाऊक, होणार नाही म्हणून?"

७ ऑक्टोबर

आज इंदिराबाई. वय एक्याऐंशी, एकट्या राहतात. नवरा वेंकोबा शिंपी होता, आता फोटोत, गळ्यात माप घ्यायची टेप. भिंतीला विठोबा, खिडकीशी बंद पडलेलं शिलाई मशीन. मी मराठी बोलले तर खूष.

"आमच्यातलीच की गं तू! गाव कुठलं?"

इस्लामपूर.

"ते कुठं आलं?" सातआठ पिढ्या इथं झाल्या म्हणे. निम्मं बोलणं कन्नड. "कूत्को, कूत्को," म्हणजे बस, बस. आम्ही नको नको म्हणेपर्यंत उठून आत गेल्या. कॉफी आणली. एका फेरीला एक पेला, दोन पेल्यांना दोन फेऱ्या. मला वाटलं, पद्धत असेल. कॉफी फार चांगली होती.

खूण केली — आपल्या पायांनी चालतात.

१० ऑक्टोबर

वीस घरं, अकरा कॉफ्या. डोकं ठणकतंय.

१२ ऑक्टोबर

छत्री इंदिराबाईंकडे राहिली होती. न्यायला निघाले, वाटेत एक माणूस मोगरा हातावर मोजून विकत होता ते बघत बसले, म्हणून दुपार झाली. दार नुसतं लोटलेलं. आत गेले.

इंदिराअज्जी जमिनीवर होत्या. बसून, दोन्ही तळहात पुढं टेकून, अंग ओढत मोरीकडे चालल्या होत्या. लुगडं गुडघ्यात गोळा झालेलं. मी धावले.

"शिवू नको. तिकडं बस."

बसले. त्या मोरीत गेल्या, परत आल्या. किती वेळ लागला! आल्यावर भिंतीला टेकून म्हणाल्या, "कोण आलं की उठते मी. घरी आलेल्याला कॉफी न देता कसं धाडायचं? मशीन धरते, खांब धरते, कट्टा धरते. बारा पावलं. मग दोन दिवस पडून."

मी म्हटलं, मग कागद बदलायला हवा. उचलावं लागेल असं लिहायला हवं.

लिहिलं की काय होतं ते त्यांना माझ्याआधी ठाऊक. त्या रकान्यात नाव गेलं की घरच्यांना फोन जातो. मुलगा सुदीप बेंगळुरूला, नवव्या मजल्यावर. दोन वर्षं मागे लागलाय — घर बंद कर, चल. "त्याला एवढं कळलं की संपलं. लिहू नको गं. इथं मी उठते तरी."

मी म्हटलं, नाही लिहीत. वर म्हटलं, काही होणार नाही अज्जी.

तोंडातून निघून गेलं. छत्री परत विसरले.

१६ ऑक्टोबर

पाणी आल्याची तालीम झाली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी शाळेच्या मैदानात यायचं. उचलायची माणसं पाच, पाचही आली, एक आजोबा तर खुर्चीवरून हात हलवत आले. मोजणीत एक कमी.

रिक्षावाला धनुष त्या बाजूची दारं ठोठावत होता. म्हणाला, "मी हाक मारली. आतून म्हणाल्या, येते, तुम्ही व्हा पुढं. कागदावर चालतात लिहिलंय, म्हणून मी झालो पुढं." मग म्हणाला, "आम्हा सगळ्यांसाठी कॉफी ठेवली असेल अज्जींनी." लोक हसले. मीही हसले.

सिस्टर हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या. मी बुटाची नाडी बांधली. सुटली नव्हती.

१७ ऑक्टोबर

पाऊस. कोळिकोडला जायचं ठरवलं. मग नाही ठरवलं.

१९ ऑक्टोबर

तीन दिवस धार लागलीय. नाला रस्त्याच्या हातभर खाली आहे. सिस्टरना सांगून टाकलं.

त्या रागावतील असं वाटलं होतं. नुसतं विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

एक आठवडा.

"एक आठवडा." मग यादी काढली, माझ्यापुढे ठेवली. "तूच बदल." बदलली. मी विचारलं, मुलाला न कळवता नाही का चालणार? म्हणाल्या, "मी गुपचूप कळवणार नाही. आधी त्यांना सांगू, मग त्याला. त्यांच्या पाठीमागे काही करायचं नाही."

२० ऑक्टोबर

गेलो. सिस्टर खाटेजवळ जमिनीवर बसल्या, अज्जींपेक्षा खाली. मीही. सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला चालताना किती त्रास होतो ते आम्हाला कळलंय. कागद बदललाय. आज सुदीपना फोन करणार.

अज्जी गप्प. पावसाचा आवाज. मला काहीतरी बोलायचं होतं, काहीही. सिस्टरनी माझ्या मनगटावर हात ठेवला. किती मिनिटं गेली देव जाणे.

शेवटी अज्जी बोलल्या, पण माझ्याशी. "तू म्हणालीस नाही लिहीत."

हो अज्जी.

"मला वाटलं आमच्यातली आहेस."

सिस्टरनी विचारलं, तुम्हाला कशाची भीती वाटते? अज्जींनी तोंड भिंतीकडे केलं. आज कॉफीला उठल्या नाहीत. आम्ही तशाच निघालो. या घरातून हे पहिलंच.

२२ ऑक्टोबर

पाडवा. पहाटे पाणी आलं.

गल्लीत कमरेइतकं. धनुष आणि तिघं आधी अज्जींकडे गेले, नाव यादीत सगळ्यात वर होतं. खाटेच्या पट्ट्या बुडाल्या होत्या. अज्जी उशीवर विठोबाचा फोटो उभा धरून बसल्या होत्या. खुर्चीत घालून खांद्यावर काढलं. मी मागून पिशवी डोक्यावर घेऊन चालत होते. शाळेत आल्यावर धनुष म्हणाला, "पाच मिनिटं उशीर झाला असता तर…"

बदललं नसतं तर तो दारातून हाक मारून पुढं गेला असता. हे दिवसभर डोक्यात फिरतंय. बरं वाटायला हवं. नुसती थकले आहे.

२४ ऑक्टोबर

सुदीप आला. भला माणूस आहे. माझे हात धरून थँक्स म्हणाला, डोळे भरले होते त्याचे. आईला उचलून गाडीत ठेवलं. अज्जींनी माझ्याकडे पाहिलं नाही. घराला कुलूप.

२ नोव्हेंबर

गाळ काढतोय. सिस्टर म्हणाल्या, तू बरोबर केलंस. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरोबर केलं की छान वाटतं असं कुणी सांगितलं?"

मला वाटतं त्यांनाही झोप लागत नाही.

२७ नोव्हेंबर

सिस्टरनी अज्जींना फोन लावून दिला. आवाज चांगला होता. सून चांगली आहे, म्हणाल्या. कॉफी हातात मिळते. पाहुणे आले तरी, तुम्ही उठू नका, म्हणतात. महिना झाला, उठल्या नाहीत. काल खाटेवरून पाय खाली सोडून बघितले, पायच आले नाहीत.

"तो कागद आहे ना गं तुझ्याकडं? उचलावं लागेल असं तू लिहिलंस तेव्हा खोटं होतं. आता राहू दे तसंच."