अक्का, तुझ्या नावावर घातलेला बिब्बा

प्रिय अक्का,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसलोय. आज सकाळी संगीताची पिंकी न्हाणीत स्वतःहून पाठ करून बसली आणि म्हणाली, "आबा, पाठ चोळा." सोनगीरला आपल्या घरी आल्यापासून ती पाठीला कुणाला हातच लावू देत नव्हती. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आणि तुझी माफीही मागायची आहे.

माझ्या संगीतासाठी देवपूरचं हे स्थळ तूच आणलंस ना? मुलगा चांगला आहे, बिडीशिवाय दुसरं व्यसन नाही, म्हणालीस. तुला दोष कसा देऊ? होकार तर मीच दिला.

मध्यंतरी पिंकीला ताप आला, म्हणून धुळ्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी गेलो तर संगीता जिन्यातच उभी. हळूच म्हणाली, "आबा, कोणी इचारं तं बिब्बा लायेल शे, आसं सांगजो." बिब्बा लावलाय असं का सांगायचं? आत जाऊन पाहिलं, तर पाच वर्षांच्या पोरीच्या पाठीवर बिडीच्या टोकाएवढे गोल डाग! ते पाहताच मला सगळं कळलं. तरी लेकीचा संसार मोडेल म्हणून मी मान हलवली.

अंग पुसताना नर्सबाईंना डाग दिसले. त्यांनी विचारलं, तर मी काय सांगावं? पोट दुखत होतं, आमच्या अक्कानं मागच्या महिन्यात बिब्बा लावला. घरातल्या प्रत्येक पोराला तूच लावायचीस, म्हणून तुझंच नाव तोंडात आलं.

बाई रागावल्या नाहीत. शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"बाबा, मी शिंदखेड्याची. आजीनं मलाही लावलाय बिब्बा. पोट दुखलं तर बेंबीभोवती लावतात. पाठीवर कोण लावतं? तुमच्या अक्कांना भेटता येईल का?"

"अक्का वारली," मी म्हणालो, आणि मग मला थांबताच येईना.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हे मला कळवावंच लागेल. नाही कळवलं, तर पोर परत त्याच घरात जाईल." त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, सगळं लिहून घेतलं. संगीताशी एकटीशी बोलल्या. पिंकीला मात्र खोदून काही विचारलं नाही. तिच्या केसांवरून हात फिरवत एवढंच म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही हं." ते ऐकून रडली कोण? संगीता.

मग पोलीस आले, बालकल्याण समितीच्या बाई आल्या. आता दोघी माझ्याकडे आहेत. जावयावर केस चालू आहे. तो दारात आला तर? लोक काय म्हणतील? माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे, कडी तीनदा तपासतो. पण छातीवरचा दगड उतरलाय, अक्का. दोन घास नीट जातात.

आज पाठ चोळताना डागांपाशी माझा हात थांबला. पिंकीच म्हणाली, "तिथं पण चोळा. दुखत नाही आता."

कोर्टात बोलावतील तेव्हा जाईन. जे पाहिलं तेच सांगेन. तुझ्या नावाआड पुन्हा लपणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
भिका