निंबाखालचा दगड

८ जानेवारी

पोचलो एकदाचा! झरी मागे टाकली, बोरी अजून पुढे आहे. मधल्या या छोट्या गावात किशनराव नावाच्या शेतकऱ्याने मला रस्त्यावरून जवळजवळ ओढतच घरी आणलं. सिताराम, निवृत्त ड्रिल मास्तर, सांगली ते नागपूर, एकटा, सायकलवर, अशी मी ओळख करून दिली. त्यावर त्याने विचारलं, "एसट्या बंद पडल्या काय, मास्तर?" बायको बायनाबाई पदराआड हसली. गरम भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि वर हुरडा. पोटाला तडस लागली.

गुडघ्यांनी मात्र असहकार पुकारला आहे. उद्या पूर्ण विश्रांती. नागपूरला अर्पिताच्या बाळाचं बारसं आहे, पण एक दिवस हाताशी आहे. नातीसाठी चांदीचे वाळे हँडलच्या पिशवीत आहेत. हिने जाण्याआधी हौसेने करून ठेवलेले. खड्डा आला की वाजतात, तेवढीच सोबत.

गावाबाहेर निंबाखालच्या ओट्यावर जरा टेकलो होतो. सायकलचं स्टँड मोडलंय, तर तिथला एक चपटा दगड चाकाला अगदी मापाचा निघाला. बरोबरच घेतला. दगडाखाली पांढरी चिंधी होती. तीही चेन पुसायला आणली. फुकट ते पौष्टिक.

९ जानेवारी

विश्रांतीचा दिवस. उशिरा उठलो, अंगणात सायकल उलटी केली, चिंधीने चेन लख्ख पुसली. बायनाबाई चहा घेऊन आली. दगड कुठला, म्हणाली. मी कौतुकाने सांगितलं. तिने चहा खाली ठेवला आणि किशनरावाला बोलवायला शेताकडे गेली.

किशनराव शेतातून आला आणि माझ्याशेजारी बसला. मसणवाट्याला जाताना त्या ओट्यावर तिरडी टेकवतात, म्हणाला. खांदेकरी बदलतात, कफनाची चिंधी फाडून दगडाखाली ठेवतात, आणि मग पुढेच जायचं. त्याच्या आईला, नर्मदाबाईला, दिवाळीत तिथेच टेकवलं होतं. "तिथं टेकवलेलं परत घरी आणायचं नसतंय, मास्तर."

लाजेने मान वर होईना. काळी झालेली चिंधी आणि दगड सायकलवर घालून दोघे गेलो, होते तसे ठेवून आलो. परतताना सायकल ढकलत होतो. मागे पोतं बांधल्यासारखी जड लागत होती. किशनराव हात लावेना. विश्रांतीच्या दिवशी माणूस जास्त दमतो, हे मी मुलांना कितीदा सांगितलंय.

१० जानेवारी

सकाळी निरोप घेतला. वारा नाही, चढ नाही, ब्रेक घासत नाही, चाकांत हवा टंच. तरी पायडल फिरेना. कॅरियरवरची बॅग काढून अंगावर घेतली. काही फरक नाही.

एका रानात सत्यशीला म्हणून बाई कापूस वेचत होती. तिने मला तांब्याभर पाणी दिलं. मी प्यायलो. मग तिने तांब्या माझ्या पाठीमागे धरला आणि धरूनच राहिली. म्हणाली, "आजी प्यायना की. उनात कशाला बसवलंय तिला?"

कॅरियर रिकामं होतं.

बराच वेळ बांधावर बसलो. भीती वाटली, खूप वाटली. पण त्याहून मोठा विचार हा की, मागे बसलेल्या या आजीला घेऊन मी बाळाच्या पाळण्यापाशी जाणार? मागे वळलो. मागे वळल्यावर सायकल अशी हलकी झाली की पायडल मारावं लागेना, थेट किशनरावाच्या अंगणात येऊन थांबली.

११ जानेवारी

अर्पिताचा फोन. पंक्चर आहे, सांगितलं. तुमचा आवाज बसलाय का बाबा, म्हणाली.

सायकल आता हलकी आहे. ओझं तिथे नाही. माझ्या पाठीवर आहे, खांद्यांत आहे, बाजेवरून उठू देत नाही. दुपारी मी मिसरी मागितली म्हणे. जन्मात कधी लावली नाही.

बायनाबाई समोर येते तेव्हा डोक्यावर पदर घेते. काल घेत नव्हती. ताट ठेवताना म्हणाली, "आत्याबाई, जेवा."

थट्टा असेल वाटलं. ती रडत होती.

१२ जानेवारी

आज बारसं. कसाबसा दारापर्यंत — बसलो. फोन वाजतोय. उचलायला हात —

किशनराव पायाशी बसला. मला मास्तर म्हण, असं सांगितलं त्याला. ऐकेना. कपाळाला हात लावून म्हणाला, "माय, लय थकलीस. आता तू चालू नको. आमी नेताव."

दुपार

चौघे आहेत. चांगली माणसं. सांभाळून नेतायत. हलतंय म्हणून अक्षर —

इतकं बरं वाटतंय. हेच वाईट. ओरडायला हवं, पण कंटाळा —

निंब आला. टेकवलं. खांदेकरी बदलतायत. माझ्या पिवळ्या जर्सीची चिंधी फाडली. दगड तोच.

बायनाबाईने वाळे उशाशी ठेवले. नको, ते नातीचे — अर्पिताला द्या, सांगा तिला, बाबा निघाले होते, रस्त्यात —

उचललं.

कुणीतरी अर्पिताला सांगा. ती नाव विचारेल. नाव सांगा माझं. मी ड्रिल मास्तर, सांगलीचा, माझं नाव नर्मदा